वस्तीने चालवलेल्या बालगृहाला नेमकी कोणती मदत करावी?

प्रश्न

नमस्कार. आमच्या ओळखीतल्या एका लहान बालगृहाचा कारभार त्या वस्तीतलीच माणसे पाहतात. विश्वस्तांमध्ये एक निवृत्त शिक्षिका आहेत, एक परिचारिका आहेत आणि बाकीचे आसपास राहणारे रहिवासी आहेत. आई-वडील गमावलेली मुले तिथे आहेत, तशीच घरातली मारहाण, व्यसन किंवा दीर्घ आजारपण यांमुळे आणलेली मुलेही आहेत. आम्ही काही मित्रमैत्रिणी दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला काढू शकतो. मुलांचे वाढदिवस तिथे साजरे करावेत, कपडे आणि दप्तरे द्यावीत, सुट्टीच्या दिवशी आळीपाळीने जाऊन शिकवावे, असा आमचा विचार होता. अधीक्षिकाबाईंना तो सांगितला तेव्हा त्यांनी मनापासून आभार मानले, कोठीचे दार उघडून अजून न फोडलेल्या खोक्यांची चळत दाखवली आणि म्हणाल्या, "दप्तरे पुष्कळ आहेत; रात्रपाळीच्या ताईंचा पगार मात्र याही महिन्यात उशिरा होणार आहे." आता वाटते की आपल्याला काय द्यायला आवडते यापेक्षा तिथे काय लागते हे आधी नीट समजून घ्यावे. या क्षेत्रातल्या जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी अशाच एका संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर बरीच वर्षे काम केले आहे. तुमच्या अधीक्षिकाबाईंनी एका वाक्यात सगळे सांगितले आहे. देणग्या सणावाराला आणि वाढदिवसांना येतात, वस्तूंच्या रूपाने येतात, आणि वीजबिल, औषधे, शिकवणी, समुपदेशकाचे मानधन व पगार यांच्यासाठी मात्र दर महिन्याला हात पसरावे लागतात. त्यातही पगार हा विषय सर्वांत महत्त्वाचा आहे असे माझे ठाम मत आहे, कारण पगार थकला की ताई सोडून जातात. आधीच एकदा आपले माणूस गमावलेल्या मुलाला रात्री दचकून उठल्यावर जवळ घेणारी व्यक्ती पुन्हा बदलते.

हे केवळ भावनेपोटी लिहीत नाही. रुमानियातील बुखारेस्ट येथे 2000 साली सुरू झालेल्या एका अभ्यासात संस्थांमध्ये राहणाऱ्या 136 लहान मुलांपैकी निम्म्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निवडून प्रतिपालक कुटुंबांत, म्हणजे दत्तक न घेता मूल सांभाळणाऱ्या कुटुंबांत, ठेवण्यात आले आणि पुढे वर्षानुवर्षे दोन्ही गटांची वाढ पाहिली गेली. कुटुंबात गेलेल्या मुलांचा बौद्धिक विकास आणि माणसांशी जडलेले नाते अधिक चांगले आढळले; साधारण दोन वर्षांच्या आत गेलेल्यांना त्याचा विशेष लाभ झाला. त्या संस्थांमध्ये मुलांचे पोट भरत होते आणि डोक्यावर छप्परही होते. एकेका बाळाकडे सातत्याने लक्ष देणारे, त्याचे रडणे ओळखणारे माणूस तिथे नव्हते.

म्हणून तुमची रक्कम एका ताईंच्या पगाराला जोडून द्या, आणि ती निदान दोन-तीन वर्षे चालू राहील असे लेखी कळवा. देणगी किती आहे यापेक्षा ती नक्की येणार आहे की नाही, यावर समितीला माणूस नेमता येते. वस्तूच द्यायच्या असतील, तर प्रत्येक मुलाला स्वतःचा, किल्ली लागणारा कप्पा द्या. आमच्याकडे असे कप्पे आल्यावर एका मुलाने त्यात आईचा जुना रुमाल आणि शाळेचे प्रगतिपुस्तक ठेवले. तोवर तो रुमाल तो दिवसभर खिशात घेऊन फिरत असे, कारण सगळे सामान सामाईक होते आणि धुण्यात काय कुठे जाईल याचा नेम नव्हता.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, तरी एक पाऊल मागे जाऊन विचारावेसे वाटते: त्या मुलांपैकी किती जणांची आई, वडील, आजी किंवा मावशी हयात आहेत? जगभरात अनाथालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थांतील बहुसंख्य मुलांच्या पालकांपैकी किमान एक जण जिवंत असतो, आणि मूल तिथे येण्याचे कारण पुष्कळदा गरिबी हेच असते. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने 2009 साली स्वीकारलेल्या पर्यायी संगोपनाच्या (म्हणजे आई-वडिलांऐवजी इतरांनी मूल सांभाळण्याच्या) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले आहे की केवळ दारिद्र्य हे मुलाला कुटुंबापासून वेगळे करण्याचे कारण ठरू नये, आणि विशेषतः तीन वर्षांखालील मुलांचे संगोपन कुटुंबासारख्या वातावरणातच व्हावे.

याचा अर्थ बालगृह बंद करा असा मुळीच नाही. ज्या घरात मुलाच्या जिवाला धोका आहे तिथे त्याला परत पाठवणे हा अन्यायच आहे. परंतु आजी नातवाला सांभाळायला तयार आहे आणि फक्त शाळेच्या व औषधांच्या खर्चापुढे हतबल झाली आहे, अशा ठिकाणी तुमच्या रकमेचा काही भाग त्या आजीपर्यंत पोहोचला, तर ते मूल घरी राहू शकते. वस्तीने चालवलेल्या संस्थेला हे काम इतरांपेक्षा चांगले जमते, कारण कोणत्या घरात काय चालले आहे हे तिथल्या माणसांना ठाऊक असते. मुलांच्या संख्येवर मदत ठरवू नका, अशीही माझी कळकळीची विनंती आहे. डोक्यामागे रक्कम मिळू लागली की खाटा रिकाम्या होणे संस्थेला परवडत नाही. काही देशांत देणगीदारांना आणि स्वयंसेवक पर्यटकांना दाखवण्यासाठी मुले घरांतून संस्थांत आणली गेली आहेत; ऑस्ट्रेलियात आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या निमित्ताने 2018 च्या सुमारास या प्रकाराची गंभीर दखल घेण्यात आली.

प्रश्नकर्ती

दोघांचेही आभार. पगाराचा भाग आम्ही उचलू, असे जवळपास ठरले आहे. अडचण अशी आहे की विश्वस्त मंडळी विनामोबदला राबतात, त्यामुळे त्यांच्याकडे हिशेब मागणे म्हणजे त्यांच्यावर अविश्वास दाखवण्यासारखे वाटते. शिवाय सुट्टीच्या दिवशी मुलांना शिकवायला जाणे योग्य आहे का?

प्रतिसाद ३

मी बालसंरक्षणाच्या कामात आहे. हिशेब अवश्य मागा. चांगल्या संस्थेला असा प्रश्न आधार वाटतो. नोंदणीचे प्रमाणपत्र, लेखापरीक्षणाचा अहवाल आणि देणगीची पावती या तीन गोष्टी कोणीही संकोच न करता विचारू शकतो. मी त्याहून बारकाईने पाहते ते असे, की प्रत्येक मुलासाठी स्वतंत्र संगोपन आराखडा आहे का आणि त्याचा ठरावीक काळाने फेरविचार होतो का. बालहक्क संहितेच्या, म्हणजे 1989 च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, 25 व्या कलमाने असा नियमित आढावा हा मुलाचा हक्क मानला आहे. "हे मूल इथे का आहे आणि किती काळ राहणार आहे?" या प्रश्नाला समितीकडे प्रत्येक मुलागणिक वेगळे उत्तर असले पाहिजे. मुलाला तक्रार करायची असेल तर समितीबाहेरच्या कोणाकडे जाता येते, हेही विचारा. वस्तीत सगळे एकमेकांचे नातलग किंवा शेजारी असतात, त्यामुळे नेमक्या अशा तक्रारी दाबल्या जाण्याचा धोका असतो.

शिकवण्याबाबत बोलायचे तर आळीपाळीने वेगवेगळी माणसे जाऊ नयेत. तुमच्यापैकी एक-दोघांना निदान एक पूर्ण शैक्षणिक वर्ष नियमित जमणार असेल, संस्था तुमची पार्श्वभूमी तपासणार असेल आणि मुलांसोबत बंद खोलीत एकटे न राहण्याचा नियम तुम्ही पाळणार असाल, तरच जा. छायाचित्रे काढू नका. वाढदिवस दाता साजरा करतो तेव्हा मुलाला अनोळखी लोकांसमोर कृतज्ञ दिसावे लागते. तोच वाढदिवस त्याच्या ताईंनी आणि मित्रांनी साजरा करावा, खर्च तुम्ही द्यावा.

एका बाबीकडे देणगीदारांचे जवळजवळ लक्षच जात नाही, ती म्हणजे अठरा वर्षे पूर्ण झाल्यानंतरचे आयुष्य. त्या दिवसापर्यंत सगळे ठरलेले असते आणि दुसऱ्या दिवशी खोलीचे भाडे, ओळखपत्र, बँकेचे खाते आणि नोकरीचा अर्ज यांतले सगळे त्या मुलाला किंवा मुलीला एकटीने निभवावे लागते. तुमच्या गटाकडे पगाराव्यतिरिक्त काही उरणार असेल, तर ते बाहेर पडणाऱ्यांच्या पहिल्या वर्षाच्या भाड्यासाठी आणि प्रशिक्षणासाठी राखून ठेवा. तुमच्यापैकी एखाद्याने त्या वर्षी त्यांचा फोन उचलण्याची जबाबदारी घ्यावी. सोळा-सतरा वर्षांची मुले तिथे आहेत का, हे पुढच्या भेटीत अधीक्षिकाबाईंना आधी विचारा आणि असल्यास त्यांच्यापासूनच सुरुवात करा.