नवापूरहून पत्र: दिवाळीनंतरची तारीख

प्रेषक: अक्का, सध्या मुक्काम नवापूर तालुका
प्रति: मेलबर्नमधले आपले सगळे
विषय: आमचा आठवडा

सर्वांना सलाम.

गौरी-गणपतीत आलो, आता संक्रांत आली. तुम्ही तिकडे उन्हाळ्याने हैराण आहात आणि इथे पहाटे तोंडातून वाफ निघते. "निवृत्तीनंतर तिथे जाऊन दोघं दिवसभर करता काय?" असं तुमच्यापैकी चार-पाच जणांनी विचारलंत, म्हणून एकदाच सगळ्यांना लिहिते. ह्यांचं म्हणणं की सोमवारपासून क्रमाने लिही. पण मला सांगायचं आहे ते गुरुवारचं, तेव्हा बाकीचे दिवस भराभर उरकते.

सोमवार-मंगळवार ओपीडीचे. मिशनच्या दवाखान्यात माणसं उजाडायच्या आत येऊन बसतात. तीस वर्षं नर्सिंग केलं तरी इथल्या नर्सिंग कौन्सिलमध्ये माझी नोंदणी नाही, म्हणून मी सुईला हात लावत नाही. मी बाहेरच्या बाकावर बसते, केसपेपर लिहिते आणि बोलते. बोलते कमी, ऐकते जास्त. मी जन्माने नंदुरबारची, अहिराणी येते, पण इथल्या आयाबाया मावची बोलतात. आरोग्यसेविका म्हणून काम करणारी एक गावातलीच मुलगी शेजारी बसते, तिच्यावाचून माझा दिवस सरकत नाही. बुधवारी लस ठेवायचा फ्रिज बिघडला. आतलं तापमान दोन ते आठ अंशांतच राहावं लागतं. ह्यांनी रात्री दहापर्यंत बसून इन्व्हर्टरची जोडणी नीट केली. रविवारी सकाळी उपासना, अर्धी मराठीत, अर्धी मावचीत. गेल्या शतकाच्या सुरुवातीला स्कँडिनेव्हियातून पश्चिम खानदेशात आलेल्या मिशनऱ्यांची आठवण अजून म्हाताऱ्यांच्या बोलण्यात निघते. ती माणसं आधी इथली भाषा शिकली, हे मी रोज मनाशी घोकते.

आता गुरुवार.

इथे सिकलसेलचे रुग्ण खूप. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडं फोडून काढावीत तसं दुखतं. अकरा वर्षांचा एक मुलगा ऑक्टोबरमध्ये आला होता. डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या चालू केल्या आणि पुढची तारीख मी लिहून दिली, दिवाळीनंतरची. आईने मान हलवली, पुडी पदरात बांधली. मला वाटलं, झालं.

डिसेंबरात तो आला नाही. आम्ही त्याच्या गावी गेलो तर दाराला कुलूप. त्या घराला, शेजारच्या घराला, सबंध पाड्यावर निम्म्याहून जास्त घरांना. दिवाळी झाली की इथली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत उतरतात ती होळीच्या सुमाराला परततात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. माझ्या वडिलांच्या शाळेतला फळ्यावरचा पट दर वर्षी दिवाळीनंतर अर्धा व्हायचा. आणि तरी मी दिवाळीनंतरची तारीख लिहिली. ती आई मान हलवत होती कारण सिस्टर सांगते त्याला नाही कसं म्हणायचं. चूक तिची नव्हती, माझी होती. ती तारीख देताना "तोडीला कधी निघता?" एवढं मी विचारायला हवं होतं.

फोन बंद. शेवटी किराणा दुकानदाराकडून मुकादमाचा, म्हणजे तोडीला मजूर नेणाऱ्याचा नंबर मिळाला, मुकादमाकडून पडावाचा, म्हणजे मजुरांच्या तळाचा पत्ता. गुरुवारी पहाटे मी, हे आणि ती आरोग्यसेविका अशी तिघं नवापूर स्टेशनवर उभी. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते, ह्या स्टेशनात महाराष्ट्र-गुजरातची हद्द फलाटावरूनच जाते, एका बाकाचं एक टोक इकडे, दुसरं तिकडे. आजारी पोराला ही रेघ दिसत नाही, पण त्याच्या केसपेपरला दिसते.

बारडोलीला उतरून पुढे जीपने. उसाच्या फडाकडेला पडाव, प्लास्टिक आणि पाचटाच्या झोपड्या. मुलगा आत गोधडीत गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. गोळ्या संपून कित्येक आठवडे झाले होते. थंडी, पाणी कमी पिणं, अंगमेहनत, ह्या तिन्हींनी हा आजार उसळतो आणि फडावर तिन्ही एकदम भेटतात. आई वाढ्यांच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. इथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. ती पोरापाशी बसली तर अर्धा कोयता पडतो, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, तर आधीच घेतलेली. तिला कोण बोल लावणार?

डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं की गोळ्या नुसत्या हातात देऊन येऊ नका, आधी रक्त तपासा, कारण ह्या औषधाने पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात. तसंच केलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लागलं, संध्याकाळपर्यंत पोरगं उठून बसलं आणि त्याने केळं मागितलं. रक्ताचा रिपोर्ट फोनवर डॉक्टरांना वाचून दाखवला, मग गोळ्या दिल्या. मुकादम माणूस बरा निघाला. ठरलं असं: रोज रात्री त्याच्या फोनवरून एक मिस्ड कॉल म्हणजे पोरगं ठीक, दोन म्हणजे दुखतंय.

ह्या एका मुलासाठी आम्ही पोचलो. वहीत अशी कितीतरी नावं आहेत. प्रार्थनेत ठेवा.

अक्का आणि नाना

•

प्रेषक: अमळनेरवाली वहिनी
विषय: उत्तर: आमचा आठवडा

अक्का, तुमनं पत्र वाचीसन डोयामा पानी उनं. माय वो, त्या लेकराचं केळं डोळ्यांपुढून हलत नाही.

आम्ही बायकांनी कालच ठरवलं, ब्लँकेटं गोळा करायची. गरम कपडेही निघतील. खोकी जहाजाने पाठवली तर कधी पोचतील? आणि दुसरं, मी आणि तुमचे भाऊ मार्चमध्ये जळगावला येतोय. पंधरा दिवस तुमच्याकडे येऊन राहिलो तर चालेल? मला शिवण येतं, स्वयंपाक येतो. ह्यांना हिशेब येतो. आमच्याकडे ओसीआय कार्ड आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, तेवढं पुरतं ना?

कळण्याच्या भाकरी आणि भरीत करून घालीन सगळ्यांना. वांगी मात्र आमच्या बामणोदचीच हवीत.

•

प्रेषक: जिभाऊ, मूळ शहाद्याचे
विषय: उत्तर: उत्तर: आमचा आठवडा

अक्का, नाना, नमस्कार.

डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सुचवतो. पहिली, प्रत्येक रुग्णाच्या गळ्यात किंवा पाकिटात एक कार्ड असू द्या, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. त्यावर आजार, रक्तगट, चालू गोळ्या आणि डॉक्टरांचा नंबर. गुजरातेत सिकलसेलचा सरकारी कार्यक्रम २००६ पासून आहे आणि २०२३ च्या जुलैपासून केंद्राचं राष्ट्रीय अभियानही चालू आहे, त्यात चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. म्हणजे पलीकडच्या डॉक्टरांना हा आजार नवा नाही. त्यांना फक्त समोरचा रुग्ण कोण आहे ते कळायला हवं.

दुसरी, लग्नाआधीचा सल्ला. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे स्वतः बरे पण आजार पुढे नेऊ शकणारे, असतील तर दर बाळंतपणाला चारात एक शक्यता आजाराची. "एक आजारी झालं, आता पुढची तीन सुटली" असं लोक समजतात. ते खरं नाही, दर वेळी डाव नव्याने मांडला जातो. हे कसं समजावता?

•

प्रेषक: अक्का
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: आमचा आठवडा

जिभाऊ, कार्डाची कल्पना ह्यांनी लगेच उचलली, नमुना सोबत पाठवतेय. गुजराती मजकूर तपासायला मंडळात कुणी असेल तर कळवा.

समजावायची रीत आरोग्यसेविकेने काढली, माझी नाही. ती ज्वारी आणि उडदाचे दाणे घेऊन बसते. मुलाच्या तळहातावर एक ज्वारी, एक उडीद. मुलीच्या तळहातावर तसंच. म्हणते, डोळे मिटून दोघांकडून एकेक दाणा उचल, हे तुमचं बाळ. दोन्ही ज्वारी आले तर बाळ सुटलं. एक-एक आला तर तुमच्यासारखं, स्वतः बरं पण दाणा पुढे नेणारं. दोन्ही उडीद आले तर आजार. मग दाणे परत ठेवायला लावते आणि पुन्हा उचलायला सांगते. शनिवारी एका ठरलेल्या जोडप्याने सात वेळा उचलले. चौथ्या आणि पाचव्यांदा लागोपाठ दोन उडीद आले तेव्हा मुलगी गप्प झाली. लग्न करा किंवा करू नका, असं आम्ही कुणालाच सांगत नाही. गर्भारपणात लवकर तपासणी करता येते हे सांगतो आणि दोघांना घरी विचार करायला वेळ देतो.

वहिनी, तुमचं मन मला कळतं, म्हणून स्पष्ट लिहिते. ब्लँकेटं पाठवू नका. नंदुरबारच्या बाजारात चांगल्या चादरी मिळतात आणि जहाजाच्या भाड्यात त्या कितीतरी येतील. खरी अडचण वेगळी आहे. ह्या मुलीचा पगार एका वर्षाच्या देणगीतून होतो, ती जूनमध्ये संपते. फोन कुणाचा, मुकादम कुठला, कोण कुठल्या फडावर, हे सगळं तिच्या डोक्यात आणि तिच्या वहीत आहे. आम्ही मेमध्ये परत येऊ. ती इथलीच आहे, तिला मावची येते आणि पडावावर तिला कुणी परकी समजत नाही. ब्लँकेटांसाठी जमवाल ते पैसे तिच्या पगाराला द्या, आणि तीन वर्षांचं कबूल करा. एका वर्षाचं नको. मात्र परदेशातून पैसे घेताना इथल्या संस्थेला परकीय देणगीची सरकारी नोंदणी लागते, तेव्हा रक्कम कुणाला वैयक्तिक पाठवू नका, दवाखान्याच्या कार्यालयाशी बोलून मी रीत कळवते.

तुमच्या येण्याबद्दल. भेटायला जरूर या. पण कामाला यायचं असेल तर पंधरा दिवस पुरत नाहीत. पहिला महिना माणसं नुसतं तुमच्याकडे बघतात. आणि ओसीआय कार्डावर सगळंच करता येतं असं नाही. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनुसार मिशनरी काम, संशोधन, पत्रकारिता अशा गोष्टींना विशेष परवानगी लागते. आम्ही धर्मप्रचार करत नाही, पण दवाखाना मिशनचा, रविवारी उपासनेला आम्ही जातो, म्हणून तिकीट काढण्याआधी रीतसर अर्ज केला आणि उत्तर येईपर्यंत थांबलो. तुम्हीही आधी विचारून घ्या. इथल्या लोकांना आपल्यामुळे कुणाच्या प्रश्नांना तोंड द्यावं लागू नये.

भरीत मात्र ठरलं. तुरीच्या काड्या मी जमवून ठेवते, वांगी तुम्ही आणा.

केसपेपरवर आम्ही आता एक नवीन ओळ छापून घेतली आहे, तारखेच्या वरच: "तोडीला कधी निघणार, कुठे, मुकादमाचा नंबर". ह्या गुरुवारी पुन्हा बारडोलीची गाडी, ह्या वेळी वहीतली सहा मुलं.

काल रात्री साडेनऊला फोन वाजला. हे जेवता जेवता उठले. एकदाच वाजला. आम्ही आणखी दहा मिनिटं फोनकडे बघत बसलो, मग ताट पुढे ओढलं.

अक्का