प्रतिसाद: आतड्यातली विषं आणि दाह

'आतड्यातली विषं रक्तात जातात हे निव्वळ डिटॉक्सवाल्यांचं खूळ, सगळा दोष साखरेचा' असं या धाग्यात वर लिहिलंय. काढे-पावडरी विकणाऱ्यांबद्दल पूर्ण सहमत. पण मूळ गोष्ट खोटी नाही. आतड्यातल्या ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड हे विष असतं, त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. जिवाणू मेला, फुटला की ते सुटं होतं. एरवी आतड्याचं अस्तर ते बहुतांशी अडवतं, पण तुपकट-तेलकट जेवणानंतर चरबी वाहून नेणाऱ्या कायलोमायक्रॉन कणांना चिकटून थोडं रक्तात शिरतं. तिथे पांढऱ्या पेशींवरचा टीएलआर-४ हा ग्राहक (रिसेप्टर) ते ओळखतो आणि दाह (इन्फ्लमेशन) सुरू होतो. ताप नाही, दुखणं नाही, नुसती धग. २००७ साली पॅत्रिस कानी हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना चार आठवडे भरपूर चरबीचा आहार दिला, तेव्हा रक्तातलं हे विष दुपटी-तिपटीने वाढलं.

धाग्यात न आलेली गोष्ट अशी, की सोबत काय प्यायलं यानेही फरक पडतो. अमेरिकेत बफेलो विद्यापीठाच्या गटाने २०१० मध्ये निरोगी माणसांना तेच तेलकट, पिठूळ जेवण दिलं. कुणाला पाण्याबरोबर, कुणाला ग्लुकोजच्या पाण्याबरोबर, कुणाला संत्र्याच्या रसाबरोबर. रसवाल्यांच्या रक्तात एंडोटॉक्सिन वाढलं नाही, बाकीच्यांच्या वाढलं. माणसं मोजकीच होती आणि जेवण एकच, त्यामुळे लगेच वडापावबरोबर मोसंबी ज्यूस मागवू नका (मी एकदा मागवला होता, चव भयंकर). पण साखर रसातही होती आणि ग्लुकोजमध्येही, तरी निकाल वेगळा. म्हणजे 'सगळा दोष साखरेचा' हे वरचं विधान इथे तरी टिकत नाही.