पाच महिन्यांचं बाळ पाळणाघरात दूध घेत नाही आणि झोपतही नाही, काय करू?

नाचणे_रोडची_काकू
नमस्कार. मी रत्नागिरीत राहत्या घरातच पाळणाघर चालवते, अकरा वर्षं झाली. सध्या सात मुलं आहेत, पाच चालती बोलती, एक दहा महिन्यांची चिऊ आणि एक हा नवा बाबू, पाच महिने पूर्ण झालेत. त्याची आई बँकेत, पावस गावाहून येऊन जाऊन करते, 26 आठवड्यांची रजा होती पण बीपीमुळे महिनाभर आधीच बसावं लागलं म्हणून बाळ एवढं लहान असताना हजर व्हावं लागलं. तीन आठवडे झाले येतोय.

आई रोज 90 एमएलच्या तीन बाटल्या स्वतःचं दूध काढून बर्फाच्या डब्यातून आणते. बाटली ओठाला लागली रे लागली की आधी जीभ बाहेर, मग मान भिंतीकडे, मग पाठीची अशी कमान करतो की मांडीवरून सुटेल की काय वाटतं. सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेपाच, आठ तासात जेमतेम 60 एमएल पोटात जातं, बाकी मोरीत ओतताना माझाच जीव तुटतो कारण ती बाई रात्री जागून काढते ते. झोपेचं पण तेच, खांद्यावर गाढ, पाळण्यात टेकवला की डोळे टक्क. वीस मिनिटं झोपला तर डोक्यावरून पाणी. तो रडला की चिऊ उठते, मग मोठी पोरं, मग सगळी पडवी डोक्यावर. मदतीला येते ती म्हणते नजर लागलीय, मीठमोहरी ओवाळून झाली. त्याची आजी मधात गुटी उगाळून पाठवायला बसलीय, ती मी नाही देणार सांगितलं. काल मलाच रडू आलं. एवढी पोरं सांभाळली पण हा हरवतोय मला. आईला सांगू का की सहा महिन्यांनंतर आण म्हणून? तिलाही नोकरी सोडायला लावल्यासारखं होईल ते.

कुडाळची_आई
काकू नका हो सांगू तसं, माझीच गोष्ट सांगतेय असं वाटलं वाचून. माझी लेक पाळणाघरात दिवसभर दोन घोट घ्यायची आणि मी घरी पोचले की रात्रभर दर दीड तासाने, अक्षरशः लटकलेली असायची. नंतर कळलं की काही बाळं असंच करतात, दिवसाचं रात्री भरून काढतात. त्या आईला विचारा रात्री किती वेळा पितो. बाटलीशी भांडू नका, आमच्या मावशींनी बाटली बंद करून बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) पाजायला सुरुवात केली, पहिल्या दिवशी अर्धं फ्रॉकवर सांडलं पण ओरडली नाही. मावशी तिला मांडीवर आडवी न घेता खिडकीकडे तोंड करून बसवायच्या, बाहेर कोंबड्या फिरायच्या, त्या बघता बघता प्यायची 😄 आणि पाजताना मी जवळपास नसायचं, मी दिसले की बोंडलं ढकलून द्यायची.

रिटायर्ड_सिस्टर
मी 30 वर्षं आरोग्य खात्यात नर्स होते, थोडं विचारते. 24 तासात किती लंगोट ओले होतात? सहाच्या आसपास होत असतील, वजन वाढत असेल आणि जागा असताना हसतखेळत असेल तर घाबरू नका. पण मलूल वाटला, ताप आला, सात-आठ तास शू झाली नाही किंवा टाळू आत गेल्यासारखी दिसली तर इथे लिहीत बसू नका, सरळ डॉक्टर.

अंगावर पिणारं बाळ आईपासून लांब असताना तासाला साधारण 30 एमएल धरतात, म्हणजे आठ तासाला 240 च्या आसपास, तुमच्याकडे 60 म्हणजे कमीच. 90 ची बाटली समोर धरू नका, 40-50 च घ्या, लागलं तर अजून. कोमट करायचं ते पातेल्यातल्या गरम पाण्यात भांडं ठेवून, गॅसवर नाही. एकदा तोंड लावलेलं दूध दोन तासांनंतर टाकूनच द्यायचं. आणि बाळ रडायला लागल्यावर पाजायला जाऊ नका, रडणं ही शेवटची पायरी. त्याआधी मुठी चोखतो, तोंड इकडेतिकडे फिरवतो, तेव्हा द्या.

झोपेचं म्हणजे या वयाची बाळं एका वेळी दीड-दोन तासच जागी राहू शकतात. जांभई, डोळे चोळणं, कान ओढणं दिसलं की लगेच घ्यायचं, ती वेळ गेली की अतिदमून जास्त रडतात आणि अशी दमलेली बाळं दूधही धड पीत नाहीत. मला वाटतं तुमचं मूळ इथे आहे, आधी झोप सुधारा, दूध मागून येईल. पाठीवरच झोपवा, मोहरीची उशी आणि दुलई काढून टाका.

नाचणे_रोडची_काकू
सिस्टर, लंगोट आईला विचारून मोजले, सहा-सात होतात. वजन मागच्या लसीच्या वेळी वाढलेलं होतं. रात्री पाच वेळा पितो म्हणाली, म्हणजे कुडाळच्या ताई म्हणतात तेच. आणि खरं सांगायचं तर तुमचं वाचून माझ्या लक्षात आलं की मी त्याला मोठ्या पोरांच्या वेळेला झोपवत होते, एक वाजता सगळे झोपतात म्हणून तोही झोपावा. साडेनऊला येतो तोच उठून दोन तास झालेले असतात. म्हणजे माझ्याकडे पोचतो तो दमूनच 🙈

माजघरातली_आजी
गो बाय, भिया नको. आमच्या वेळाक पाळणाघरां खय होती, माझे चार झील असेच वाढले. वायच जायफळ उगाळून चाटव, गपगार निजतला.

रिटायर्ड_सिस्टर
आजी रागावू नका पण जायफळ नको हो. ती झोप नाही, गुंगी असते, आणि उगाळताना किती गेलं ते कोण मोजतं. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नाही, पाणीसुद्धा नाही. मध तर एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटावर पण लावायचा नाही, त्यात बोट्युलिझम नावाच्या गंभीर विषबाधेचे जंतू असू शकतात. काकूंनी गुटीला नाही म्हटलं ते बरोबरच केलं.

देवरुखकरीण
एक विचारू, ते दूध तुम्ही चाखून बघितलंत का कधी? हसू नका. माझं काढलेलं दूध फ्रिजमध्ये रात्रभर राहिलं की साबणासारखा वास यायचा, ताजं गोड असायचं. काहीजणींच्या दुधात लायपेज नावाचं एन्झाइम जास्त असतं, फॅट मोडून चव बदलते. खराब नसतं, पण काही पोरं तोंड फिरवतात. त्यावर उपाय म्हणजे काढल्या काढल्या, फ्रिजात टाकायच्या आधी, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत गरम करायचं (उकळू द्यायचं नाही) आणि लगेच थंड करायचं. आधीच वास आलेल्या दुधाला मात्र त्याचा उपयोग नाही. आणि आईची शाखा जवळ आहे का? बाळ 15 महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन नर्सिंग ब्रेक कायद्याने मिळतात, बँकेत विचारून बघू दे, लाजायचं कारण नाही.

कुडाळची_आई
बाप रे हे मला माहीतच नव्हतं, माझी लेक वर्षाची झाली आता 😐

नाचणे_रोडची_काकू
नऊ दिवसांनी लिहितेय, दोनदा लाइट गेले आणि एकदा मी स्वतः तापाने पडले.

देवरुखच्या ताई, त्याच दिवशी झाकण उघडून वास घेतला आणि एक थेंब जिभेवर ठेवला. भांडी घासायच्या पावडरीसारखं! आई बिचारी ऐकून खालीच बसली, तिला वाटलं तिचं काहीतरी चुकलं. दुसऱ्या दिवसापासून ताजं काढून गरम करून आणते. शाखा इथून दहा मिनिटांवर, मॅनेजर बाईंनी दुपारी सव्वाला सोडायला काहीच कुरकुर केली नाही, रिक्षाने येते, वीस मिनिटं अंगावर पाजते, परत जाते. म्हणजे माझ्या वाट्याला दोनच वेळा आल्या. बाटली ठेवलीच नाही, स्टीलचं बोंडलं, आणि दारात बसून. समोर मांजर असलं तर उत्तम. काल दोन वेळचं मिळून 95 गेलं, आज सकाळी एकदम 60.

झोपेला आल्या आल्या माजघरात, पडदा ओढून, आईचा जुना पदर माझ्या खांद्यावर घेऊन थोपटते, आणि डोळे मिटायच्या आत खाली गादीवर पाठीवर ठेवते, पदर माझ्याजवळच. चार दिवस भोकाड पसरलं. पाचव्या दिवशी एक तास दहा मिनिटं. आज पण तासभर झाला असता पण शेजारच्या माडाची झावळ पत्र्यावर पडली आणि सगळं लटांबर एकदम उठलं, पहिला हाच. आता मोठ्यांना पेज वाढायची आहे, चिऊने एव्हाना ताटली पालथी घातली असणार.