प्रतिसाद: परीक्षा कोणाची?
अनोळखी नावाने स्वतःच्याच पत्नीला प्रेमसंदेश पाठवणाऱ्या आणि तिचे उत्तर येताच रात्रभर तळमळणाऱ्या पतीचा किस्सा वाचून हसू आले. पण या परीक्षेतली खरी गंमत अशी, की ती घेणाऱ्याला उत्तीर्ण होण्याची वाटच नसते. पत्नीने दाद दिली नाही, तर प्रियकर म्हणून आपण कमी पडलो, आणि दिली तर नवरा म्हणून बुडालो!

हंगेरियन नाटककार फेरेन्त्स मोल्नार यांच्या १९१० सालच्या एका नाटकात नेमका हाच पेच आहे. त्यातला नट आपल्या नटी-पत्नीची निष्ठा तपासण्यासाठी रक्षक दलातील अधिकाऱ्याच्या वेशात तिच्यामागे लागतो, तिचे मन वळू लागलेले पाहून हवालदिल होतो, आणि अखेर सोंग उघड झाल्यावर ती सांगते, की आपण त्याला सुरुवातीपासूनच ओळखले होते. ते खरे, की वेळ मारून नेणे, हे त्याला शेवटपर्यंत कळत नाही.

आपल्या किस्स्यातील पत्नीने तर उत्तरासोबत नवऱ्याच्या नेहमीच्या शुद्धलेखनाच्या चुकाही दुरुस्त करून पाठवल्या होत्या, त्यामुळे ते उत्तर नक्की कोणाला उद्देशून होते, याविषयी मला तरी शंका वाटत नाही.