अ‍ॅस्पर्जरवाल्या मुलांचे आईबाबा, तुम्ही मन कुणाकडे मोकळं करता?

तिसरा_मजला:

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचतीये, आज पहिल्यांदाच लिहितीये, लांबलं तर सांभाळून घ्या.

मुलगा ९ वर्षांचा. दीड वर्षापूर्वी रिपोर्ट हातात आला, त्यावर ऑटिझम स्पेक्ट्रम असं लिहिलंय (म्हणजे मेंदूची घडणच वेगळी, लोकांशी वागणं-बोलणं, आवाज-स्पर्श सगळं वेगळं जाणवतं), डॉक्टर तोंडाने म्हणाले की पूर्वी आम्ही याला अ‍ॅस्पर्जर म्हणायचो, म्हणजे बोलणं-बुद्धी व्यवस्थित असलेला ऑटिझम. बोलतो भरपूर, वाचायला चौथ्या वर्षीच लागला, आणि लिफ्ट म्हणजे त्याचा जीव की प्राण. कुठल्याही इमारतीत शिरलो की आधी लिफ्टमधली पाटी वाचणार, किती माणसं, किती किलो, मग आत उभ्या असलेल्या लोकांकडे बघून मोठ्याने बेरीज. मागच्या आठवड्यात एका अनोळखी बाईंना सरळ वजन विचारलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं मला.

शाळेत एकदम शहाणा. टीचर म्हणतात अहो काहीच प्रॉब्लेम नाही, उगाच काळजी करता. आणि घरी आला, दार लागलं, की दप्तर एकीकडे बूट एकीकडे आणि अर्धा-पाऊण तास नुसता आकांत, कधीकधी भिंतीवर डोकं. कारण विचारलं तर अजून वाढतं. हे कोणाला सांगितलं तर पटत नाही कारण त्यांनी त्याला फक्त शाळेतला बघितलेला असतो.

आता खरा प्रश्न. गेल्या महिन्यात मी पालकांच्या एका मीटिंगला गेले होते. तिथे बहुतेकांची मुलं अजिबात बोलत नाहीत. एक आई म्हणाली सात वर्षं झाली, 'आई' अशी हाक ऐकायची वाट बघतीये. तिच्यानंतर माझा नंबर. काय बोलणार सांगा? माझा थांबता थांबत नाही म्हणून मी रडू? 'आमचं ठीक चाललंय' म्हटलं आणि गप्प बसले. दुसरीकडे मुलाच्या वर्गातल्या आया, त्यांना काही सांगायला जावं तर 'अगं सगळीच मुलं असं करतात'. सासूबाईंचं म्हणणं मीच लाडावून ठेवलाय. नवरा चांगलाय पण विषय काढला की 'तू फार विचार करतेस' आणि मोबाईल. म्हणजे मी धड ना इकडची ना तिकडची.

तुम्ही कोणाशी बोलता? ती माणसं भेटली कुठे? आणि खरंच हलकं वाटतं, का दुसऱ्यांची दुःखं पण आपल्याच डोक्यावर येऊन बसतात?

उलटा_मोजा:

अगं, तुझं लिहिलेलं वाचताना दोनदा बघितलं की मीच लिहिलंय की काय.

माझी मुलगी ११ ची. आम्ही ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं, स्पर्श-आवाज झेपावेत म्हणून सराव घेतात ती) जायचो तिथे बाहेर खुर्च्या मांडलेल्या असतात ना, तिथे एक बाई दर आठवड्याला समोर बसायची. वर्षभर आम्ही एकमेकींकडे बघून नुसतं हसत होतो, त्यापुढे गाडी जाईना. एक दिवस तिच्या मुलाने बूट काढले तर मोजे उलटे घातलेले. माझ्या मुलीचेही उलटेच असतात, कारण बोटांपाशी जी शिवण असते ती तिला टोचते, आपल्याला जाणवणारही नाही इतकी बारीक असते पण तिला जणू काटा रुततोय. मी नुसतं म्हटलं, 'शिवण?' ती म्हणाली, 'शिवण.' आणि दोघी जे हसत सुटलो ते आतून थेरपिस्ट बाहेर आली बघायला. मला तेवढ्यात रडू पण आलं. सहा वर्षं मी प्रत्येकाला मोज्यांचं स्पष्टीकरण देत होते आणि इथे एका शब्दात काम झालं होतं.

आता आम्ही चौघी आहोत. ग्रुपला नाव पण नाहीये. एकच नियम, कोणी काही लिहिलं की आधी विचारायचं, 'ऐकू का सुचवू?' दहातल्या नऊ वेळा उत्तर 'ऐक' असतं. हा नियम का केला तर सुरुवातीला मीच जाम सल्ले द्यायचे, चार्ट करून बघ, टायमर लावून बघ, आणि एकीने शेवटी रात्री बाराला लिहिलं की मला सगळं माहितीये गं, मला फक्त सांगायचं होतं.

शाळेनंतरच्या आकांताबद्दल, तू विचारलं नाहीयेस तरी सांगते (नियम मोडला, माफ कर). आमच्याकडेही अगदी हेच होतं. दिवसभर सगळं आत दाबून, दुसऱ्यांचं बघून बघून वागायचं, याला मास्किंग म्हणतात, आणि घरी सुरक्षित वाटतं म्हणून सगळं घरीच बाहेर पडतं. चौघींपैकी एकीने सांगितलं की घरी आल्यावर पाऊण तास एकही प्रश्न विचारायचा नाही. 'दिवस कसा गेला' तर अजिबात नाही. दिवे मंद, बोलणं बंद, तिच्या पांघरुणाच्या गुहेत तिला जाऊ द्यायचं. महिन्याभरात रोजचं आठवड्यातून दोनदावर आलं. हे मला कोणत्याही रिपोर्टात लिहून मिळालं नव्हतं.

काठावरून:

माझा अनुभव जरा वेगळाय, म्हणून लिहितो. ग्रुप म्हटलं की मला आता धडकीच भरते.

मुलाचं निदान झाल्या झाल्या कोणीतरी एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात घातलं. पहिला आठवडा बरं वाटलं. मग सुरू झालं, लसीमुळेच झालं म्हणे (ज्या १९९८ च्या लेखावरून हे उठलं तो छापणाऱ्या जर्नलनेच २०१० मध्ये मागे घेतला, हे लिहिलं तर मलाच शिव्या), मग आमच्या मुलाचा ऑटिझम 'गेला' असे मेसेज, आणि शेवटी एक महाशय एक द्रावण विकायला आले. शोधलं तर ते चक्क ब्लीच निघालं, क्लोरीन डायऑक्साइड. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, २०१९ मध्ये पुन्हा एकदा बजावलंय की हे पिऊ नका, पाजू नका. आणि ग्रुपात तीन आया विचारत होत्या की डोस किती.

मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही. रात्री दोन वाजता मूल डोकं आपटत असताना माणूस काहीही विचारतो, मीही विचारलं असतं. पण ज्या ग्रुपात अशा माणसाला कोणी बाहेर काढत नाही तिथे एक दिवसही थांबू नका. मी सोडला. आता बायकोशी बोलतो आणि एका मित्राशी, ज्याला मुलंच नाहीत. तो काहीच सुचवत नाही. हे भारी आहे.

जुनं_पान:

सासूबाईंच्या 'लाडावलाय' वरून आठवलं. आईला दोष द्यायची ही रीत फक्त घरातल्यांची नव्हे हो. १९५०-६० च्या दशकात नामांकित डॉक्टर मंडळी सरळ म्हणायची की आई फ्रिजसारखी थंड, म्हणून मूल असं झालं. म्हणजे तेव्हा माया कमी म्हणून, आता लाड जास्त म्हणून, कसंही करून गुन्हेगार आईच.

हे मोडून काढण्यात आईबाबांचाच मोठा वाटा होता. बर्नार्ड रिमलँड म्हणून अमेरिकेत एक मानसशास्त्रज्ञ होते, त्यांचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक. त्यांनी १९६४ मध्ये पुस्तक लिहून हे खोडून काढलं, की हे मेंदूच्या घडणीचं आहे, आईच्या वागण्याचं नाही. पुढच्याच वर्षी बाकीच्या पालकांना घेऊन संघटना काढली. आणि ज्या अ‍ॅस्पर्जर नावावरून हा धागा चाललाय ते ज्यांच्या १९८१ च्या लेखामुळे रूढ झालं त्या लॉर्ना विंग, त्या डॉक्टर तर होत्याच पण एका ऑटिस्टिक मुलीची आई पण होत्या. १९६२ मध्ये ब्रिटनमध्ये काही पालकांनी मिळून संस्था सुरू केली त्यात त्या होत्या, तीच आजची नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी.

रिपोर्टात ते नाव का नाही ते पण सांगून टाकतो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम या निदानाच्या पुस्तकातून २०१३ मध्ये ते काढलं आणि सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्ये घातलं, जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या यादीतही, म्हणजे आयसीडी ११, जी २०२२ पासून लागू आहे, ते वेगळं राहिलेलं नाही. डॉक्टरांच्या तोंडी मात्र ते अजून येतंच. त्यामुळे तुमची गोची मला नीट कळतेय, कागदावर एकच छत्री, पण तिच्याखाली उभ्या असलेल्यांचे दिवस किती वेगळे.

गाडीतच_बसलेला:

एका बापाची बाजू.

तुमचे मिस्टर मोबाईलमध्ये तोंड घालतात ना, मी गाडीत बसायचो. घराखाली येऊन इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं तसाच. वर काय चालू असेल त्याचा अंदाज घेत. बायकोला वाटायचं मला फरक पडत नाही. फरक पडत होता, पण शब्द नव्हते आणि तिच्यासमोर तुटलो तर तिने कोणाकडे बघायचं असंही डोक्यात होतं. चूकच होती ती.

मुलाच्या सोशल स्किल्सच्या क्लासला अजून एक बाप यायचा. क्लास तासभराचा, तेवढ्यात आम्ही दोघं बाहेर चकरा मारायचो. समोरासमोर बसून मला जमलं नसतं, चालताना जमतं, कारण समोरच्याच्या डोळ्यात बघावं लागत नाही. (आमची मुलं हेच सांगत असतात म्हणा.) तिसऱ्या का चौथ्या आठवड्यात तो म्हणाला की त्याच्या मुलाला आजपर्यंत एकाही वाढदिवसाला बोलावणं आलेलं नाही. मी म्हटलं आमच्याला एकदा आलं होतं, तिथे त्याने सगळे फुगे मोजले आणि दोन कमी आहेत म्हणून यजमानांना सुनावलं, मग परत नाही आलं. एवढंच. पण घरी गेल्यावर त्या दिवशी मी गाडीत बसलो नाही.

मिस्टरांना 'बोल माझ्याशी' म्हणू नका. दुसऱ्या एखाद्या बापाबरोबर चालायला पाठवा.

उशिरा_कळलेला:

मी पालक नाही, मी ते मूल आहे. ३४ व्या वर्षी निदान झालं. इथे लिहावं की नाही याचा विचार दोन दिवस केला.

आधी नावाचं. मी अ‍ॅस्पर्जर वापरत नाही. हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी १९४४ मध्ये व्हिएन्नात आमच्यासारख्या मुलांबद्दल लिहिलं, 'छोटे प्राध्यापक' वगैरे, पण २०१८ मध्ये छापून आलेल्या कागदपत्रांवरून दिसतं की त्यांनी काही अपंग मुलांना आम श्पीगेलग्रुंड नावाच्या ठिकाणी पाठवलं, जिथे नाझी काळात जवळजवळ ८०० मुलं मेली. तुम्ही ते नाव वापरलंत म्हणून मी रागावलेलो नाही, फक्त मुलगा मोठा झाला की तो हे वाचेल, तेव्हा तुम्हाला आधीच माहीत असलेलं बरं.

दुसरं. तुम्ही एकमेकांशी बोला, जरूर बोला, पण तो घरात असताना फोनवर नको. आम्हाला लक्ष नाहीये असं वाटतं, पण मी पुस्तकात डोकं घालून सगळं ऐकायचो. आई मावशीला म्हणाली होती 'याच्यामुळे कुठे जाता येत नाही', मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, वाक्य अजून तोंडपाठ आहे. आणि त्याच्या आकांताचा व्हिडिओ कुठल्याही ग्रुपात टाकू नका, कितीही जवळचा असो. हट्ट असेल तर हवं ते मिळालं की थांबतो, मेल्टडाऊन, म्हणजे सगळं असह्य होऊन होणारा हा आकांत, थांबत नाही, त्या वेळी माणूस स्वतःच्या ताब्यात नसतो. तुमचा तसा व्हिडिओ कोणी काढला तर?

तिसरं. डेमियन मिल्टन म्हणून एक संशोधक आहेत, स्वतः ऑटिस्टिक, त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की आम्हाला तुमचं कळत नाही हे अर्धंच, तुम्हालाही आमचं कळत नाही, दरी दोन्ही बाजूंनी आहे. लिफ्टमध्ये बेरीज करणारा मुलगा मला पूर्ण कळतो. पाटीवर मर्यादा लिहिलीये, कोणीच तपासत नाहीये, मग कोणीतरी तपासायला नको का? त्याला पण त्याच्यासारखं कोणीतरी भेटू दे. आधार फक्त आईबाबांनाच लागतो असं नाही.

तिसरा_मजला:

सगळ्यांना एकत्रच लिहितीये. काल रात्री हे सगळं वाचलं, आज सकाळी परत वाचलं.

उशिरा_कळलेला, मी फोनवर बोलते. तो शेजारीच असतो. हे वाचून पोटात खड्डा पडला पण लिहिलंत ते फार बरं केलंत. नावाबद्दलही काहीच माहीत नव्हतं.

पाऊण तास एकही प्रश्न न विचारणं आजपासून सुरू केलं. अठ्ठाविसाव्या मिनिटाला मीच 'डबा संपवलास का' विचारलं, तेव्हा उद्या परत पहिल्यापासून.

आणि एक केलं. त्या मीटिंगमधल्या आईचा नंबर होता माझ्याकडे, तिला मेसेज केला की त्या दिवशी मी खोटं बोलले, आमचं ठीक चाललेलं नाहीये, पण तुमच्यानंतर मला तोंड उघडायची लाज वाटली. वाटलं आता ब्लॉक करेल. तिचं उत्तर आलं, 'तुमचा बोलतो म्हणून तुम्हाला झोप लागते असं थोडीच आहे. मी पण अडीचपर्यंत जागीच असते, करा मेसेज.'

उलटा_मोजा:

वा! पण मला सांग, त्या लिफ्टमधल्या बाईंचं पुढे काय झालं? सांगितलं का त्यांनी वजन?

तिसरा_मजला:

सांगितलं ना! हसून सांगितलं. मग याने बेरीज केली आणि बाहेर उभ्या असलेल्या दोघांना म्हणाला, या, तुम्ही मावता.