प्रतिसाद: तीन विषय, पण धागा एकच

एकच संशोधक इम्युनॉलॉजी (शरीराच्या प्रतिकारशक्तीचं शास्त्र), कर्करोग आणि श्वसनविकार अशा तिन्हींत काम करत असेल तर त्याच्या अभ्यासाला खोली कशी येणार, असा प्रश्न कुणीतरी विचारलाय. मला ही तीन वेगळी क्षेत्रं वाटतच नाहीत. बीसीजी घ्या. काल्मेत आणि गेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञांची ही क्षयावरची लस १९२१ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा बाळाला दिली. १९७६ मध्ये कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कर्करोगाच्या ९ रुग्णांवर तीच वापरून निष्कर्ष छापले! लस नळीवाटे थेट मूत्राशयात सोडतात, मग तिथे जमलेल्या प्रतिकारक पेशी कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडतात. वरच्या थरातल्या, पुन्हा उद्भवण्याचा धोका जास्त असलेल्या गाठींसाठी आजही हा उपचार करतात. आपल्या भारतीय संशोधक कमल रणदिवे यांनीही कर्करोगासोबत कुष्ठरोगाच्या लशीवर काम केलं, हे आवर्जून सांगावंसं वाटतं.