पहिली मॅरेथॉन, देणगीसाठी: तुमच्या पाठीशी कोण होतं?

गंगापूररोडकर
काल माळा आवरताना फिरकीचा तांब्या सापडला. गळ्याला अजून सुतळीची गाठ. हातातलं सगळं टाकून तशीच बसून राहिले.

२०१९ मध्ये मी मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनला नाव दिलं. कॅन्सर झालेल्या मुलांच्या उपचारासाठी निधी जमवायचा होता. चाळिशी उलटलेली, आणि तोवर सलग दोन किलोमीटरही पळाले नव्हते. घरात पहिला प्रश्न, "एवढ्या पहाटे एकटी जाणार?" पहिल्या रविवारी साडेचारला खाली आले तर आप्पा, माझे सासरे, कानटोपी घालून लुना चालू करून उभे! वय बहात्तर.

नाशिकच्या गंगापूर नाक्यावरून सोमेश्वर, पुढे धरणाच्या बाजूला. आप्पा दहा-वीस पावलं मागे, लुनाचा उजेड माझ्या पुढ्यात पडेल असे. हँडलला हा तांब्या, आत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. कुत्री अंगावर आली की हॉर्न. एरवी अवाक्षर नाही. तीस किलोमीटरच्या दिवशी मात्र मी रस्त्याकडेला कठड्यावर बसकण मारली, तेव्हा म्हणाले, "सूनबाई, बस. पण बूट काढू नको, सुजलेला पाय परत आत जायचा नाही."

१९ जानेवारी २०२० ला पळाले. आप्पा मुंबईला आले नाहीत, गर्दी सोसत नव्हती त्यांना. पेडर रोडचा चढ पाय पार संपल्यावर येतो. तिथे मला मागून लुना ऐकू येत होती, खरंच सांगते.

आता आप्पा नाहीत. त्यांच्यापाशी बसून हे कधी बोललेच नाही, म्हणून इथे लिहिलं. तुमचंही लिहा.

निफाडची
डोळे भरले ताई.
आमच्या द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले जास्तीचे मणी काढायला, बायका येतात. मी कशासाठी पळते ते त्यांना जेवणाच्या सुट्टीत सांगितलं होतं. शनिवारी हजेरीचे पैसे वाटले, तर सगळ्यांत मोठ्या मावशींनी रुमालाची गाठ सोडली. दहा-दहाच्या, वीसच्या नोटा, ५४० रुपये. "आमचे पन घ्या, लेकरांचं काम हाये." नको म्हणायची हिंमत झाली नाही. मोठ्या देणग्याही आल्या, पण पळताना मला तो रुमालच दिसायचा. निफाडची थंडी तुम्हाला माहितीये, त्या पहाटे मी त्या रुमालाच्या जोरावर उठले.

सातपूर_सेकंडशिफ्ट
लुना!! आमच्याकडे पण होती. पेडल मारून चालू करायची. आप्पांना नमस्कार.

कृषीनगर_ट्रॅक
माझं पूर्ण झालं नाही. ३३ व्या किलोमीटरला पोटऱ्यांत गोळे आले, स्वयंसेवकांनी धरून बाजूला घेतलं. देणगी दिलेल्यांना काय तोंड दाखवू म्हणून दोन दिवस फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी शाळेतले गणिताचे सर घरी आले, हातात मिसळीचं पार्सल. "अरे, पैसे तू पोचावास म्हणून नव्हते दिले, पोरांसाठी दिले होते. ते पोचले ना?" बायकोने पाव गरम केले, सर पोटभर जेवूनच गेले. पुढच्या वर्षी पूर्ण केली. पहिला फोन सरांना.

निफाडची
@कृषीनगर_ट्रॅक असे सर हवेत.

पेठरोड
घाईत लिहितोय, डबे भरायचेत. २०१० ला सावरपाड्याच्या कविता राऊतने राष्ट्रकुलमध्ये १० हजार मीटरचं ब्राँझ आणलं, तेव्हा आम्ही अख्खा पाडा रात्री जागलो. पळणं आपल्या माणसांचं आहे हे तेव्हा कळलं. माझ्या २१ किलोमीटरच्या शर्यतीला बूट चुलतभावाने दिले, स्वतःच्या पायातले. बाकी संध्याकाळी.

इंदिरानगर_आई
नवीन आहे. चाळिशीनंतर पूर्ण मॅरेथॉनला तयारी किती धरावी? गुडघा कुरकुरतो.

गंगापूररोडकर
@इंदिरानगर_आई आधी गुडघा दाखवून घे, मग तारीख ठरव. चालण्याची सवय नसेल तर वर्ष धर. मी घाई केली, अंगठ्याची नखं काळी पडली. आणि पहाटे एकटी जाऊ नकोस, कुणाला तरी सोबत घे.

सातपूर_सेकंडशिफ्ट
ताई, लुना अजून आहे का?

गंगापूररोडकर
आहे, पार्किंगमध्ये झाकून. ब्रेकची वायर तुटलीय.

सातपूर_सेकंडशिफ्ट
वायर मिळते. शनिवारी दुपारी मोकळा आहे, घेऊन येतो. तोवर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ठेवा.